पडद्याच्या मागल्या अंगानं

सिनेमाचा इतिहास मुंबईत सुरू होतो. ७ जुलै १८९६ रोजी वॅटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ३ मे १९१३ला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. १४ मार्च १९३१ला 'आलम आरा' बोलू लागला. पुस्तकं अशी सांगतात आणि ते खरंच आहे.

पण माझा सिनेमा मूलजवळच्या एका गावात, मारुतीच्या पारासमोर, दोन बांबूंना ताणलेल्या पांढऱ्या कापडावर सुरू झाला. आणि तो मी मागच्या बाजूनं पाहिला. हा इतिहास कोणत्या पुस्तकात टाकायचा?

साल १९५७. हिवाळ्याचे दिवस, धान कापून झालेला. मी आठ वर्षांचा. पंचवार्षिक योजनेचा प्रचार करणारी सरकारी मोटार तेव्हा गावोगाव फिरायची. मोटारीवर भोंगा, आत सोळा मिलिमीटरची मशीन, सोबत स्वतःचं इंजिन. गावात वीज नव्हती. दिवसा भोंगा ओरडून जायचा, रात्री पडदा लागायचा. पैसे नाहीत, तिकीट नाही. सगळ्यांना मोफत.

सगळ्यांना म्हणजे कसं, ते सांगतो. मोटारवाल्यानं पडदा लावला आणि पुढचं गावानं ठरवलं. गाव पडद्यापुढं बसलं, आमचे लोक पडद्यामागं. कुणी हुकूम सोडला नव्हता. हुकूम लागतच नव्हता. विहीर ठरलेली, वाट ठरलेली, तशी ही जागाही आपोआप ठरली. अस्पृश्यतेच्या गुन्ह्याचा कायदा १९५५ साली झाला होता. तो अजून पडद्याच्या या अंगाला पोचायचा होता.

आता गंमत अशी की पातळ पडद्यावरचं चित्र मागूनही दिसते. थोडं अंधूक, पण दिसते. फक्त उलटं दिसते. उजवं ते डावं, डावं ते उजवं. आम्हाला हे कुठं माहीत? शेतीसुधारणेची फिल्म होती. एक शेतकरी बांधावर बसून भाकर खात होता, डाव्या हातानं. दुसरा बियाणं फेकत होता, तोही डाव्या हातानं. माझी माय मला मांडीशी घेऊन बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि हसत सुटली.

"पाह्य पाह्य, हा तं डाव्या हातानं खाते! याच्या मायनं याले शिकवलं नाही वाटते!"

बाजूच्या बायाही हसू लागल्या. पडद्यापलीकडून कुणीतरी खेकसलं, तशा गप झाल्या. पण मायचं अंग हसण्यानं हलत होतं, ते माझ्या पाठीला लागत होतं. मला त्या फिल्ममधलं बाकी काही आठवत नाही. खत किती टाकायचं, दोन रोपांत अंतर किती ठेवायचं, सारं गेलं. पाठीला लागलेलं ते हसणं राहिलं. सिनेमाचं वेड मला तिथून लागलं.

माय १९५९च्या पावसाळ्यात हिवतापानं गेली. तिचा एकही फोटो नाही. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा कुणाच्याच मायचा फोटो नव्हता. फोटो काढायचा तर चांद्याला जावं लागे आणि फोटोसाठी म्हणून चांद्याला कोण जाणार?

पण माय एकदा चांद्याला गेली होती. १६ ऑक्टोबर १९५६ला. नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकारानं तो समारंभ झाला. आमच्या मोहल्ल्यातून बैलबंड्या निघाल्या, बाकीचे पायी. मी तापानं फणफणलेलो, म्हणून आजीजवळ राहिलो. माय गेल्यावर एका रात्री मी रडत होतो, तेव्हा बाबा म्हणाले,

"चांद्याले एक फोटूवाला फिरत होता, पेटी घेऊन. तुही माय सामनेच बसली होती. आली असन त्यात."

बाबांनी हे मला उगी करायला सांगितलं की खरंच तसं काही होतं, हे मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही. पण दहा वर्षांच्या पोराच्या डोक्यात ते रुतून बसलं. माय कुठल्या तरी फोटोत आहे. माय कुठल्या तरी फिल्ममध्ये आहे. आपण पाहत राहायचं.

१९६१ची महाशिवरात्र. मार्कंड्याची जत्रा. वैनगंगा तिथं उत्तरेला वळते, काठावर जुनी दगडी देवळं, आणि वाळूपासून वरपर्यंत माणसंच माणसं. माझा मामा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू उतरवायच्या कामावर होता. त्याच्या खिशात रोख पैसा असे. जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागलेला. भोंग्यावर गाणी, बाहेर इंजिनाचा धडधडाट. मी कनातीच्या भोकाला डोळा लावून उभा होतो. मामानं मानेला धरून ओढलं.

"चाल बे भाच्या. आज सामनेहून पाहू."

जमिनीचं तिकीट चार आणे. मामानं दोन तिकिटं काढली. बाई-माणसांसाठी मधून दोरी बांधलेली. मागं खुर्च्या, पुढं जमीन. आम्ही जमिनीवर बसलो. पण पडद्यापुढं बसलो.

सिनेमा होता 'संत तुकाराम'. प्रभातचा, १९३६चा. म्हणजे माझ्या जन्माच्याही तेरा वर्षं आधीचा. विष्णुपंत पागनीस, आणि जिजाईच्या कामात गौरी. व्हेनिसला नाव काढून आलेला सिनेमा आमच्या जत्रेत पंचवीस वर्षांनी पोचला होता. पण मी तुकारामाआधी काय पाहिलं असेल तर अक्षरं पाहिली. पडद्यावरची अक्षरं सुलट होती! मी चौथीत होतो, मला वाचता येत होतं. तरी गावात मोटार आली की पडद्यावरची अक्षरं मला लागायची नाहीत. मला वाटायचं, ही सिनेमाची भाषाच निराळी असेल. त्या दिवशी कळलं की भाषा आपलीच आहे. बसलो होतो ती जागा निराळी होती. शिकून अक्षर आलं तरी मागून उलटंच दिसते.

आणि पडद्यावरचा माणूस उजव्या हातानं जेवला. मला मायची आठवण झाली. तिला सांगायला पाहिजे होतं.

तंबूत जात नव्हती असं मी म्हणणार नाही. काही मित्र तसं लिहितात, अंधारात सगळे सारखे वगैरे. अर्धं खरं आहे. टुरिंग टॉकीजजवळ मशीन एकच. रीळ संपलं की सिनेमा थांबे, बत्ती लागे, ऑपरेटर दुसरं रीळ चढवी. अंधारात बाजूच्याचा खांदा खांद्याला लागायचा, कुणी हलत नव्हतं. बत्ती लागली की लोक एकमेकांकडं पाहायचे आणि ओळखीचा निघाला तर अंग चोरून घ्यायचे. पुन्हा अंधार, पुन्हा खांदा. एका सिनेमात हे दहा-बारा वेळा. जात रिळागणिक जायची आणि रिळागणिक यायची. चार आण्याला एवढं मिळायचं. गावच्या पारासमोर फुकटात एवढंही मिळत नव्हतं.

त्याच तंबूत मी पहिल्यांदा समाचारचित्र पाहिलं. १९४८ साली सरकारनं फिल्म्स डिव्हिजन काढलं. मुख्य सिनेमाआधी त्यांचं समाचारचित्र किंवा माहितीपट दाखवलाच पाहिजे, अशी परवान्याची अट असे. लोकांना तो भाग नको असायचा. लोक बिडी प्यायला बाहेर जायचे. मी जात नव्हतो. कारण त्यात गर्दी असायची. धरणाचं उद्घाटन, कुठला मेळावा, कुठली सभा. पुढारी हार घालून घ्यायचे तेव्हा मी त्यांच्या मागं पाहायचो. बसलेल्या बाया, डोक्यावर पदर, कडेवर पोरं. यात असेल का? कॅमेरा पुढं सरकायचा. नव्हती. पुढच्या वेळी असेल.

फाळक्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि पाहता पाहता त्यांच्या मनात आलं, पडद्यावर आमचे राम-कृष्ण कधी येतील? तिथून भारतीय सिनेमा जन्मला. मी हसण्यावारी नेत नाही. तो प्रश्न खराच मोठा होता. पाहणाऱ्या प्रत्येकाला तो पडतो, की यात माझं माणूस कधी? फाळक्यांना देव दिसायला हवे होते. मला माय दिसायला हवी होती. प्रश्न एकच. फरक एवढाच की त्यांना कॅमेरा आणायला विलायतेला जाता आलं. मी तंबूच्या मागं जाऊन उभा राहिलो.

तिथं फिल्मचे तुकडे पडलेले असत. घासून आलेली प्रिंट मशीनमध्ये तुटे. ऑपरेटर फाटका भाग कापून फेकी आणि उरलेलं सिमेंटनं जोडी. ते तुकडे मी वेचायचो. उडालेल्या बल्बचा बुडखा काढून त्यात पाणी भरायचं, बाहेरून आरशानं ऊन आत मारायचं, मधे फिल्मचा तुकडा धरायचा. झोपडीच्या भिंतीवर चित्र पडायचं. तुकडा उलटा धरला की चित्र सुलट पडायचं. मोहल्ल्यातली पोट्टे-पोट्टी दाटीवाटीनं बसत. सगळे एकाच बाजूला. मी मागं कुणालाच बसू देत नव्हतो.

१९६४ साली चांद्याचं चंद्रपूर झालं. त्याच हंगामात मी शाळा सोडून एका तंबूवाल्याकडं पोऱ्या म्हणून लागलो. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी. दोन हंगाम फिरलो. पाऊस लागला की तंबू बंद. सिनेमाची पेटी वितरकाकडून रेल्वेनं यायची. आमच्या सर्किटचा धंदा भुसावळ-अमरावतीकडून चाले. पुढं अरुंद रुळाच्या लहान गाडीनं, मग बैलबंडीनं. मोठ्या शहरात नवा असलेला सिनेमा आमच्याकडं पोचेपर्यंत त्याच्या अंगावर पावसासारख्या रेघा पडलेल्या असत. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना अजून वाटते, की जुन्या सिनेमात नेहमी पाऊस पडायचा.

ऑपरेटर मुसलमान होता. माझ्या हातचं पाणी प्यायचा, जेवण एका ताटात. त्यानं मला मशीन शिकवली. दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर आणायच्या, त्यांच्यात ठिणगी पेटते, त्या उजेडानं सिनेमा दिसते. कांड्या जळून कमी होतात, म्हणून सारखं पुढं सरकवत राहायचं. लक्ष हटलं की पडदा काळा. फिल्मचा हिशोबही त्यानंच सांगितला. एका सेकंदाला चोवीस चित्रं. एका फुटात सोळा. म्हणजे दीड फूट फिल्म म्हणजे एक सेकंद. मी मनात हिशोब केला, माय कुठं असलीच तर दीड फुटात असेल. जास्त कोण देणार तिला?

याच दोन हंगामांत मी 'सुजाता' कितीदा तरी पाहिला. बिमल रॉय यांचा, १९५९चा. नूतन अस्पृश्य घरची पोर, ब्राह्मण घरात वाढलेली. घरची बाई जिन्यावरून पडते, रक्त लागते, आणि या पोरीचंच रक्त जुळते. मग ती बाई तिला आपली म्हणते. जमिनीवर बसलेले आमचे लोक रडायचे. मीही रडायचो. पण दर रात्री मशीनजवळ उभं राहून पाहिलं की रडणं संपते आणि विचार सुरू होते. रक्त जुळलं नसतं तर? तर ती पोर कुणाची राहिली असती?

त्याच्याआधी १९३६चा 'अछूत कन्या'. देविका राणीची कस्तुरी रेल्वेखाली मरते. १९३६ला आमच्या पोरीनं जीव द्यायचा, १९५९ला रक्त द्यायचं. सिनेमा करणारे भले लोक होते. त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण ते पडद्याच्या पुढच्या अंगाला बसून आम्हाला पाहत होते. देण्याशिवाय आमचं काही काम त्यांना सुचलं नाही.

पडदा फिरायला आणखी पंचावन्न वर्षं लागली. २०१४ला करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेचा 'फँड्री' लागला. तोवर मी कोळसा खाणीतून रिटायर झालो होतो. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो सरळ पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. थिएटरात माझ्या बाजूचा माणूस दचकून मागं सरकला. मी सरकलो नाही. मला वाटलं, हा दगड पडद्याच्या मागून आला आहे. मागं बसलेल्या पोरानं फेकला आहे. त्याच सुमाराला 'कोर्ट' आला. त्यात लोकशाहीर नारायण कांबळेच्या कामात आपले वीरा साथीदार. नागपूरच्या चळवळीतला माणूस. २०२१च्या एप्रिलमध्ये करोनानं गेला. पडद्यावर त्यांना पाहिलं तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "हा तं आपल्या मोहल्ल्यातला चेहरा आहे!" मागून कुणीतरी शू केलं. करू दे.

तंबू मात्र गेले. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि त्याच साली दिल्लीच्या एशियाडसोबत रंगीत टीव्ही आला. मागून व्हिडिओ आला. एक टीव्ही, एक व्हीसीआर, रात्रभरात तीन सिनेमे. तंबूवाल्याचं कंबरडं मोडलं. आमच्या झाडीपट्टीत नाटक तेवढं टिकलं. धान निघाला की दिवसा मंडई नाहीतर शंकरपट, रात्री नाटक, होळीपर्यंत. वडशाच्या मंडळ्या आजही गावोगाव जातात. कुरखेड्याकडच्या परशुराम खुण्यांना २०२३ला पद्मश्री मिळाली. आदल्याच साली या रंगभूमीवर 'झॉलीवूड' नावाचा सिनेमाही आला. टुरिंग टॉकीजवर २०१६ला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट निघाला, कान महोत्सवापर्यंत गेला. मशीन, तंबू, ट्रक, म्हातारा झालेला ऑपरेटर यांची नोंद झाली. चांगलं झालं. आता बसणाऱ्यांची नोंद व्हायला हवी. कोण कुठं बसलं, याची.

आता शेवटचं सांगतो.

बाबासाहेबांची अंत्ययात्रा ७ डिसेंबर १९५६ला मुंबईत निघाली. ती फिल्मवर घेतली नामदेव व्हटकरांनी. लेखक माणूस, सिनेमात काम केलेला. पैसा स्वतः उभा केला आणि कॅमेरा लावला. पुढाऱ्यांच्या सभांना कॅमेरे जायचे, या गर्दीसाठी आपल्याच माणसाला पदरमोड करावी लागली. त्यानं ती केली म्हणून आज ते दिसते.

मागच्या वर्षी नातीनं ते मला मोबाइलवर दाखवलं. हाताएवढा पडदा. रस्ताभर माणसं, गच्चीवर माणसं, खांबावर माणसं. बाया छाती पिटताहेत. मी मोबाइल डोळ्याजवळ घेतला.

नात म्हणाली, "आजोबा, हे मुंबईचं आहे."

मला माहीत होतं. माय मुंबईला कधी गेली नाही. बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा ती गावातच होती, चूल पेटवली नव्हती. ती त्या गर्दीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी शोधलं. एक-एक बाई पाहिली. नातीनं काही न बोलता ते थांबवून थांबवून दाखवलं. सत्तर वर्षांची सवय आहे, जात नाही. आणि खरं सांगू का, त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटलं नाही की ती सापडली नाही. त्या साऱ्याच बाया कुणाच्या तरी माया होत्या. फोटो नसलेल्या. व्हटकरांनी त्यांना दीड-दीड फूट दिली.

मित्रांनो, मी इतिहासकार नाही. खाणीतला माणूस. पण मला एवढं कळते की सिनेमा बनवणाऱ्यांचा इतिहास लिहायला लोक आहेत, आमच्या पाहण्याचा इतिहास आम्हालाच लिहावा लागेल. आमची म्हातारी माणसं आता झपाट्यानं चालली आहेत. त्यांना विचारा. सिनेमा कोणता होता ते आठवलं नाही तरी चालेल. तुमच्या गावात पडदा कुठं लागत होता आणि आपले लोक त्याच्या कोणत्या अंगाला बसत होते, एवढं तरी विचारा, आणि लिहून ठेवा.